पूर्वप्राथमिक शिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च करावा का, आणि करायचा तर नेमका कशावर?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणावर सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हा वाद साठ वर्षे चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंकडे चांगल्या दर्जाचे पुरावे आहेत. मला अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. पुरावाच नसता तर मतभेद समजण्यासारखे होते. इथे मात्र काटेकोरपणे केलेले अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध निष्कर्ष देतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा अभ्यास पुढे करतो. हे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर त्यांतील विरोध बराचसा निवळतो, असे माझे मत झाले आहे. ते सविस्तर मांडतो.

खर्चाच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण पेरी प्रकल्पापासून सुरुवात करतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, इप्सिलँटी या गावी, १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करण्यात आले. ५८ मुलांना आठवड्याचे पाच दिवस सकाळी अडीच तासांची बालशाळा मिळाली आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका त्यांच्या घरी जाऊन दीड तास आई व मूल यांच्यासोबत बसू लागली. उरलेल्या ६५ मुलांना यांतले काही मिळाले नाही. बालशाळेतील मुलांचा बुद्ध्यंक लवकरच वाढला, पण आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत तो फरक पुसला गेला. अभ्यास तिथेच थांबला असता, तर प्रयोग फसला अशीच नोंद झाली असती. संशोधकांनी मात्र त्या मुलांचा माग ती चाळिशीत जाईपर्यंत सोडला नाही. तेव्हा असे दिसले, की आयुष्यात पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालशाळेत गेलेल्या गटात ३६ टक्के, तर न गेलेल्या गटात ५५ टक्के होते, आणि कमाईतही ठळक अंतर पडले होते. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी या खर्चावरचा वार्षिक परतावा सात ते दहा टक्के काढला, आणि तेव्हापासून हा आकडा जगभरच्या धोरणपत्रांतून फिरत आहे.

विरुद्ध बाजूचा पुरावाही कच्चा नाही. टेनेसी राज्यात २००५ पासून गरीब कुटुंबांतील चार वर्षांच्या मुलांसाठी राज्यव्यापी मोफत वर्ग चालतात. जिथे जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तिथे सोडत पद्धतीने प्रवेश दिले गेले, आणि त्या आधारावर २,९९० मुलांचा अभ्यास झाला. वर्ष संपले तेव्हा वर्गात गेलेली मुले पुढे होती. तिसरीत ती मागे पडलेली दिसली. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे गुण कमी होते, शिस्तभंगाच्या नोंदी अधिक होत्या आणि विशेष शिक्षणाकडे पाठवल्या जाण्याचे प्रमाणही अधिक होते. या संशोधनातील प्रमुख अभ्यासक डेल फॅरन यांनी अनेक वर्षे बालशिक्षणातच काम केलेले आहे. आपल्याच क्षेत्राला अडचणीचा ठरेल असा निष्कर्ष त्यांनी झाकून ठेवला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

आता तिसरा अभ्यास पाहा. बोस्टन शहरात १९९७ ते २००३ या काळात सरकारी बालवर्गांचे प्रवेश सोडतीने दिले जात होते आणि चार हजारांहून अधिक मुलांचा पुढचा प्रवास संशोधकांना तपासता आला. शालेय परीक्षांच्या गुणांत त्यांना कोणताही फरक आढळला नाही. पण प्रवेश मिळालेल्या मुलांनी पुढे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले, शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या आणि किशोरवयात कोठडीत जाण्याचे प्रमाणही घटले. म्हणजे तिसरीच्या गुणपत्रिकेवर उमटत नाही असे काहीतरी त्या वर्गात घडत होते.

या तिन्ही ठिकाणी पाटी एकच लागली होती, ‘पूर्वप्राथमिक शिक्षण’. आत चालणारे काम मात्र एक नव्हते. पेरी प्रकल्पात साधारण सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि दिवसाची आखणी मुलांनी स्वतः काय करायचे ठरवले, ते कसे केले आणि नंतर त्याबद्दल काय सांगितले, या क्रमाभोवती केलेली होती. टेनेसीच्या वर्गांत निरीक्षकांना मोठा वेळ सगळ्या वर्गाला एकत्र बसवून शिकवण्यात आणि मुलांना एका कामावरून दुसऱ्या कामाकडे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यात जाताना दिसला. चार वर्षांचे मूल रांगेत उभे असते तेव्हा ते काही शिकत नसते, आणि ज्या प्रौढाने त्याच्याशी बोलायचे तो रांग सरळ करण्यात गुंतलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की सार्वजनिक पैशाने आपण विकत घेतो ती वस्तू म्हणजे एका जाणत्या प्रौढाचा मुलामागे मिळणारा वेळ. खोली, खेळणी, पुस्तके, गणवेश ही सारी सामग्री त्या वेळेच्या भोवती येते. हा वेळ महाग असतो आणि तो स्वस्त करण्याची कोणतीही युक्ती नाही, कारण कारखान्यात यंत्र आणून एका कामगाराकडून दुप्पट उत्पादन घेता येते, तसे एका शिक्षिकेकडून दुप्पट मुलांचे ऐकून घेणे होत नाही. सरकारे जेव्हा योजना झपाट्याने पसरवतात, तेव्हा पहिली काटछाट इथेच होते: पट वाढतो, मदतनीस कमी होते, प्रशिक्षण चार दिवसांचे होते. मग पाच वर्षांनी कोणीतरी मूल्यमापन करतो, परिणाम सापडत नाही, आणि ‘बालशिक्षणाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

उलट्या बाजूचे एक उदाहरण तमिळनाडूतील आहे. तिथे ६४० अंगणवाड्यांचा यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारख्या पद्धतीने गट पाडून केलेला, अभ्यास झाला. त्यांतील काही अंगणवाड्यांना अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती देण्यात आली, एवढाच बदल होता. इमारत तीच, अभ्यासक्रम तोच. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणित सुधारले, आणि पहिल्या कार्यकर्तीला पोषणाच्या कामाकडे लक्ष देता आल्यामुळे कुपोषणही घटले. दोन माणसांनी वाटून घेतलेल्या कामाचा हा परिणाम मला हेकमन यांच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका वाटतो.

२०२२ मध्ये ताश्कंद येथे भरलेल्या जागतिक परिषदेने शिक्षणावरच्या एकूण खर्चापैकी किमान १० टक्के पूर्वप्राथमिक टप्प्यावर व्हावा, असे आवाहन केले. मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्या १० टक्क्यांतून आधी जागा वाढवायच्या की आधी माणसे नेमायची, हा क्रम ठरवला गेला नाही, तर पैसा खर्च होईल आणि टेनेसीची पुनरावृत्ती होईल. यावर जाणकारांची मते वाचायला आवडतील, विशेषतः जे असहमत आहेत त्यांची.

ताळेबंद

लेख विचारपूर्वक लिहिला आहे, म्हणून असहमतीही नीट मांडतो. माझा पहिला आक्षेप पेरी प्रकल्पाला दिलेल्या वजनावर आहे. १२३ मुले, एक गाव, साठ वर्षांपूर्वीचा काळ. गट पाडल्यानंतर काही मुलांची अदलाबदलही झाली होती, कारण आई नोकरी करत असेल तर गृहभेटी जमत नव्हत्या. शिवाय त्या प्रकल्पाच्या परताव्याचा फार मोठा भाग गुन्हेगारी कमी झाल्यामुळे वाचलेल्या खर्चातून येतो. तुरुंग आणि न्यायव्यवस्थेवर जिथे तेवढा खर्च होतच नाही, तिथे तोच परतावा मिळेल असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

दुसरे असे, की ‘जितके लहान वय, तितका अधिक परतावा’ हे वाक्य आता सिद्धान्तासारखे उच्चारले जाते. वेगवेगळ्या वयोगटांसाठीच्या अनेक कार्यक्रमांचे लाभ आणि खर्च एकत्र मांडून काही संशोधकांनी ते तपासले, तेव्हा अशी उतरती रेघ त्यांना सापडली नाही. किशोरवयातील चांगले कार्यक्रमही लाभदायक ठरतात आणि बालवयातील वाईट कार्यक्रम तोट्याचे ठरतात.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पर्यायी वापराचा आहे. तिजोरी एकच असते. चौथी-पाचवीतल्या मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नसेल, तर तोच पैसा त्यांच्या वर्गासाठी जादा शिक्षक नेमण्यावर का घालू नये? अमेरिकेत गरीब घरांतील लहान मुलांसाठी १९६५ पासून चालणारा ‘हेड स्टार्ट’ हा सरकारी कार्यक्रम काही लहानसा नाही. २००२ पासून त्याची सुमारे पाच हजार मुलांवर राष्ट्रीय पातळीवर यादृच्छिक चाचणी झाली आणि तिसरीपर्यंत जवळजवळ सगळा फायदा विरून गेल्याचे २०१२ च्या अहवालात दिसले. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या बाबतीत ‘गुणवत्ता हवी होती’ हे उत्तर प्रत्येक अपयशानंतर देता येते. ते कधी खोटे ठरू शकत नाही, आणि म्हणूनच मला ते पटत नाही.

पाटीपेन्सिल

आपला शेवटचा मुद्दा योग्य आहे. ‘गुणवत्ता’ या शब्दाआड लपता येते, हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच मी तो शब्द टाळून प्रौढाचा वेळ असे म्हटले, कारण तो मोजता येतो.

पेरी प्रकल्पाचा परतावा जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही, हेही मान्य. मी त्याचा वापर एवढाच करतो, की गुणांतील फरक पुसला गेला म्हणजे परिणाम संपला असे म्हणता येत नाही, हे त्याने आणि पुढे बोस्टनने दाखवले.

हेड स्टार्टच्या राष्ट्रीय चाचणीबद्दल मात्र एक गोष्ट विसरली जाते. ज्या मुलांना त्यात प्रवेश मिळाला नाही, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुले दुसऱ्या कोणत्या तरी बालशाळेत गेली होती. पॅट्रिक क्लाइन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये हे लक्षात घेऊन पुन्हा हिशेब केला, तेव्हा घरीच राहिलेल्या मुलांच्या तुलनेत हेड स्टार्टचा परिणाम बराच मोठा निघाला. १९६५ मध्ये तुलना ‘शाळा की घर’ अशी होती. आज अनेक ठिकाणी ती ‘ही शाळा की ती शाळा’ अशी असते, आणि फरक आपोआप लहान दिसतो.

पर्यायी वापराबद्दल मला वाटते, की आपण दोन टप्प्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजता आहात. रकर जॉन्सन आणि किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये हेड स्टार्टमध्ये गेलेल्या मुलांच्या पुढच्या शाळांवरचा खर्चही तपासला. ज्या मुलांना बालशाळाही मिळाली आणि नंतर अधिक निधी असलेली शाळाही मिळाली, त्यांचा लाभ दोन्हींच्या वेगवेगळ्या लाभांच्या बेरजेपेक्षा अधिक होता. बालवर्गात गोष्टी ऐकून, प्रश्न विचारून आलेले मूल पहिलीत गेल्यावर जर तीच अक्षरे पुन्हा गिरवत बसले, तर त्याची आघाडी टिकणार कशी? बालवर्गाने जे कमावले ते पहिलीने गमावले, तर दोष बालवर्गाच्या खात्यावर टाकता येणार नाही. आपल्या चौथीच्या मुलांना जादा शिक्षक मिळावा याला माझा विरोध नाही. तो शिक्षक आणि बालवर्गातला दुसरा प्रौढ ही एकाच मागणीची दोन टोके आहेत.

बालवाडीताई

मी बावीस वर्षे बालवर्ग घेते. संशोधनाचे आकडे मला फारसे ठाऊक नव्हते, पण धागाकर्त्यांनी प्रौढाच्या वेळेबद्दल जे लिहिले आहे ते मी रोज जगते, म्हणून लिहिते आहे.

माझ्या वर्गात कधी अठरा मुले होती, कधी चाळीस. अठरा मुले आणि सोबत मदतनीस असते, तेव्हा एखादे मूल पेल्याने पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसले असेल, तर मी त्याच्या शेजारी बसून ‘आता हे का सांडलं असेल?’ असे विचारू शकते, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबूही शकते. हे थांबणेच खरे कौशल्य आहे आणि तेच सर्वांत आधी हातातून निसटते. चाळीस मुले आणि मी एकटी, अशा वर्षी मी पाणी बाहेर काढतच नसे, कारण पुसायला कोणी नसे. ठोकळेही कमी काढत असे. मग उरते काय? सगळ्यांना ओळीत बसवायचे, एकसुरात अंक म्हणून घ्यायचे आणि वहीत उभ्या-आडव्या रेघा काढायला लावायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला तो वर्ग शिस्तीचा वाटतो. मला त्या वर्षांची आजही खंत वाटते.

पालकांचा दबाव हा दुसरा भाग. मूल चौथ्या वर्षी लिहू लागले पाहिजे, ही अपेक्षा फार खोल रुजली आहे, आणि ती चुकीच्या हेतूने आलेली नाही. ज्या आईवडिलांना स्वतःला शिकता आले नाही, त्यांना वहीत उमटलेले अक्षर हाच शिक्षणाचा पुरावा वाटतो. त्यांना खेळातून होणारे शिकणे समजावून सांगायला एक पालकसभा पुरत नाही. त्यांनी वर्गात येऊन बसावे लागते, पुन्हा पुन्हा.

आणि मानधनाविषयी स्पष्ट लिहायला हवे. माझ्यासोबत तयार झालेल्या चांगल्या शिक्षिका संधी मिळताच प्राथमिककडे गेल्या, कारण तिथे पगार, रजा आणि निवृत्तिवेतन होते. त्यांना मी दोष देत नाही. ज्या कामासाठी सर्वांत जास्त संयम लागतो त्यालाच सर्वांत कमी मोबदला मिळतो, आणि समाज त्याला ‘मुलं सांभाळणं’ म्हणतो. प्रत्येक शिक्षिका गेली, की तिच्याबरोबर पाच-सहा वर्षांचा अनुभवही जातो आणि नव्या मुलीला शून्यापासून शिकवावे लागते. प्रशिक्षणावरचा खर्च असा दर वर्षी गळून जातो, पण तो कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

पाटीपेन्सिल

ताई, आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. पालकांबद्दल आपण लिहिले आहे त्याला जोडून घानातील एक अभ्यास सांगतो. अक्रा शहराच्या परिसरातील २४० बालशाळांत हा प्रयोग झाला. जिथे फक्त शिक्षकांना खेळावर आधारित पद्धतीचे प्रशिक्षण आणि वर्गात येऊन मार्गदर्शन दिले, तिथे मुलांची तयारी सुधारली. जिथे त्याच्या जोडीला पालकांसाठी जागृतिसभा घेतल्या, तिथे तो लाभ नाहीसा झाला. पालकांना विश्वासात घेणे आवश्यक आहे, पण ते वरवरच्या सभांनी होत नाही, हे आपले निरीक्षण यातूनही दिसते.

उंबरठा

मला या चर्चेत कुटुंबाची बाजू पुरेशी ऐकू येत नाही. तीन वर्षांचे मूल दिवसातील किती तास परक्या व्यक्तीजवळ राहावे, हा फक्त खर्चाचा प्रश्न नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने बालसंगोपनाची राष्ट्रव्यापी व्यवस्था उभारणारे विधेयक मंजूर केले होते आणि अध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारले. शासनाने आपले नैतिक वजन कुटुंबाच्या विरोधात, सामूहिक संगोपनाच्या बाजूला टाकू नये, असे त्यांचे कारण होते. त्यांच्या राजकारणाशी मला देणेघेणे नाही, पण तो आक्षेप आजही विचार करण्याजोगा आहे.

कॅनडातील क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर एवढ्या नाममात्र शुल्कात पाळणाघरे सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत सर्व वयांच्या लहान मुलांसाठी ती खुली केली. मातांच्या नोकरीचे प्रमाण वाढले. परंतु बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांना मुलांमध्ये आक्रमकता आणि चिंता वाढलेली, आणि आईवडिलांशी असलेल्या नात्यातही ताण आलेला आढळला. म्हणजे योजनेने मोठ्यांची सोय केली आणि किंमत मुलांनी मोजली, असे म्हणायला जागा आहे. मग हाच पैसा थेट पालकांच्या हातात देऊन घरी राहायचे की मुलाला शाळेत पाठवायचे, हे त्यांना का ठरवू देऊ नये? नॉर्वेने १९९८ मध्ये असा रोख भत्ता सुरू केलाच होता.

पाटीपेन्सिल

क्युबेकचा निष्कर्ष मी टाळणार नाही. तो या वादातील सर्वांत गंभीर इशाऱ्यांपैकी एक आहे. पण तिथे मागणी एकदम वाढली आणि ना-नफा केंद्रे पुरेशी उभी राहण्याआधीच नफ्यावर चालणाऱ्या केंद्रांत आणि घरगुती पाळणाघरांत मुले गेली. दर्जाच्या पाहण्यांत ना-नफा केंद्रे सरस ठरली. जागा आधी आणि माणसे नंतर, या क्रमाचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. शिवाय तिथे अगदी तान्ही मुलेही होती. एक वर्षाचे मूल दिवसभर आणि चार वर्षांचे मूल सकाळचे तीन तास, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत, आणि आपली काळजी पहिल्या गोष्टीबद्दल असेल तर ती मलाही वाटते.

नॉर्वेचाच आणखी एक अनुभव आहे. तिथे १९७५ च्या कायद्यानंतर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनुदानित बालगृहे वाढली. ती मुले तिशीत गेली तेव्हा त्यांचे शिक्षण अधिक झालेले आणि सरकारी मदतीवरचे अवलंबन कमी झालेले आढळले. लाभ मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना झाला, संपन्न घरांतील मुलांना फारसा झाला नाही.

कुटुंबाला बाजूला सारूनच हे काम करता येते असे मात्र मी म्हणत नाही. जमैकात १९८६-८७ मध्ये खुरटलेल्या वाढीच्या १२९ बालकांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यांतील काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि घरातल्याच वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के अधिक निघाली. शाळेची इमारत नव्हती, घर सुटले नव्हते, आणि तरीही तो सार्वजनिक खर्चाचा नमुना होता. रोख भत्त्याला माझा आक्षेप इतकाच, की ज्या आईला कामावर जाण्यावाचून गत्यंतर नाही, तिला तो भत्ता घरी बसवण्याइतका कधीच मिळत नाही, आणि जिच्याजवळ वेळ आहे तिला त्याची फारशी गरज नसते.

सहप्रवासी

एक शंका. लाभ मुख्यतः गरीब मुलांनाच होत असेल, तर सर्वांसाठी मोफत योजना काढून संपन्न घरांतील मुलांवर पैसा का घालवायचा? गरिबांपुरतीच योजना ठेवली तर त्याच पैशात दोन शिक्षिका नेमता येतील.

पाटीपेन्सिल

हिशेबाने आपले म्हणणे बरोबर आहे. पण फक्त गरिबांसाठी असलेल्या व्यवस्थेचा दर्जा घसरला तर आवाज उठवणारे कोणी नसते. फ्रान्समध्ये तीन वर्षांची जवळजवळ सगळीच मुले सरकारी अनुदानावरच्या बालशाळांत जात होती, म्हणून २०१९ मध्ये ते शिक्षण सक्तीचे करताना मोठी उलथापालथ झाली नाही, आणि तिथल्या शिक्षकांचे वेतन प्राथमिक शिक्षकांच्याच श्रेणीत आहे. वेगवेगळ्या घरांतील मुले एकत्र बसतात तेव्हा भाषेची देवाणघेवाणही होते. माझा कल सर्वांसाठी योजना, पण आधी सुरुवात आणि प्रति मुलामागे अधिक माणसे गरीब वस्त्यांत, असा आहे. पैसा फारच थोडा असेल, तर मी आपल्या बाजूने उभा राहीन.

ताळेबंद

सर्व प्रतिसाद वाचले. टप्पे एकमेकांना पूरक असतात, हा मुद्दा मी नव्याने विचारात घेतो आहे, आणि पहिलीचा वर्ग सुधारला नाही तर बालवर्गाचा खर्च वाया जाईल, एवढ्यावर आपले एकमत व्हायला हरकत नाही. मागच्या कामातून मी एक शिकलो आहे, की ज्याची नोंद होते तेच अंदाजपत्रकात टिकते. पटसंख्येची नोंद होते, खोल्यांची होते. धागाकर्ते म्हणतात प्रौढाचा वेळ मोजता येतो. एका शिक्षिकेमागे किती मुले, हा आकडा कागदावर मिळेल, पण दोन प्रौढ नेमले आणि दोघी रजिस्टर भरत बसल्या, तर तोही फसवा ठरेल. वर्गात बसणाऱ्या व्यक्तीने हे नेमके कसे मोजावे? ताईंनी सांगितले तर अधिक बरे.

बालवाडीताई

मी एकदा स्वतःपुरते करून पाहिले होते, ते सांगते. हजेरीच्या यादीची एक जादा प्रत काढली आणि एक आठवडा असे ठरवले, की एखाद्या मुलाशी सूचना सोडून खरे बोलणे झाले, म्हणजे त्याने काही सांगितले, मी त्यावर विचारले आणि त्याने पुन्हा उत्तर दिले, तर त्याच्या नावापुढे लगेच एक रेघ मारायची. ‘खाली बस’, ‘रांगेत ये’ हे धरायचे नाही. त्या वर्षी वर्गात चौतीस मुले होती आणि मी एकटी होते. शनिवारी यादी पाहिली तेव्हा सहा-सात मुलांपुढे भरपूर रेघा होत्या. ती मुले मुळातच बोलकी, स्वतःहून माझ्याकडे येणारी. अकरा मुलांपुढे संपूर्ण आठवड्यात एकही रेघ नव्हती. त्यांतली बहुतेक शांत होती, त्रास न देणारी होती, आणि त्या शनिवारपर्यंत मला त्यांची कधी काळजीच वाटली नव्हती.

पुढच्या सत्रात मदतनीस मिळाली. तिला आठवडाभर शिकवले, आणि मग तीच यादी पुन्हा केली. या वेळी दोन नावे कोरी राहिली, त्यांपैकी एक मूल आजारी होते. तपासणीला येणाऱ्यांनी रजिस्टर पाहण्याऐवजी तासभर मागे बसून अशी यादी भरावी, असे मी तेव्हा सुचवले होते. त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही, एक पेन्सिल आणि हजेरीची प्रत पुरते.